अख्खी वाडी एका फोटोत

माझ्या सासुरवाडीच्या जमिनीची वाटणी बरीच लांबली. त्याचं श्रेय नातेवाईक अजूनही तलाठ्याला, पितृपक्षाला आणि थोरल्या मेहुण्याच्या साडेसातीला देतात. खरं श्रेय माझ्या घरच्या कॉम्प्युटरचं आहे. पण कॉम्प्युटरवाल्या जावयाला श्रेय देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. त्याला चहा देतात, आणि प्रिंटर बिघडला की त्याची आठवण काढतात.

मी मूळचा कराडकडचा. दोन हजार सालाच्या आसपास मी विरार पश्चिमेला वन रूम किचनमध्ये राहत होतो आणि मुंबईत, छापखान्यांना फोटो आणि पानं जुळवून देणाऱ्या एका कचेरीत कामाला होतो. बायको आगाशीच्या बागायतदाराच्या घरातली. त्यांच्या वाडीत केळी, पानवेली, मोगरा आणि माड होते, मधोमध विहीर होती आणि कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी उन्हाळ्यातल्या शिंपणासाठी साठवून ठेवायचं तळं. आपसात ती माणसं त्यांच्या बोलीत भराभरा बोलत. मी दिसलो की सगळे थांबत आणि जपून जावयाची मराठी बोलू लागत. त्यामुळे पहिली काही वर्षं मला हे घर फार मितभाषी वाटत होतं.

सासरे गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दोघा मेहुण्यांनी वाटणीचा विषय काढला. थोरला पूर्णवेळ मातीतला माणूस होता. धाकटा वसईत नोकरी करत होता, आणि एक बिल्डर त्याच्याकडे येऊन जाऊन होता. धाकट्याला आपल्या हिश्शावर बिल्डिंग उठवायची होती. दोघांत भांडण नव्हतं. वाटणीची खरी वेळ तीच, असं जाणती माणसं सांगतात. भांडण झाल्यावर वाटणी होत नाही, नुसत्या तारखा पडतात. विहिरीजवळून जाणारा सरळ बांध हीच हद्द धरायची, बांधाच्या अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं बावखलासकट धाकट्याचं, विहीर दोघांची आणि घर मधल्या भिंतीपासून अर्धं अर्धं, इतकं सगळं एका बैठकीत ठरलं.

सासूबाईंना वाटणी नको होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण घरातल्या मांजरालाही ते कळत होतं. एक चूल आणि एक पंगत एवढंच त्यांनी आयुष्यभर सांभाळलं होतं. चुली दोन झाल्या की आपण कुठल्या चुलीपाशी बसायचं, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि मुलांना पडला नव्हता.

त्या म्हणाल्या, "करा वाटनी. माझी ना नाय. पन त्याच्याआधी अख्खी वाडी एका फोटोत घ्या. ह्यांच्या फोटोशेजारी लावू. तो भिंतीवर लागला की दुसऱ्या दिवशी वाटनी करा."

आईची एवढीच इच्छा, म्हणून मुलांनी मान डोलावली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. त्या क्षणी हा ग्रह मोठ्या उत्साहाने वाडीच्या पत्रिकेत शिरला.

मी कचेरीतला कॅमेरा मागून आणला. विहिरीच्या कठड्यावर तिपाई रोवली आणि कॅमेरा थोडा थोडा फिरवत सगळीकडचे फोटो घेतले. घरातली माणसं आपापल्या आवडीच्या जागी उभी राहिली. थोरला केळीत, त्याची बायको गोठ्याजवळ म्हशीपाशी, धाकटा आणि त्याची बायको बावखलाच्या काठी मोटारसायकल मधे घेऊन. सासूबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. "भात लावलाय, लांब नको," म्हणाल्या.

फोटो जुळवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्यानंतरचं. माणूस विहिरीवर उभा राहून स्वतःभोवती फिरतो तेव्हा वाडी त्याच्या भोवताली गोल असते, आणि कागद असतो सपाट. गोल डब्यावरचं लेबल कापून सरळ करावं तशी ही गोल वाडी कुठेतरी कापून उलगडावी लागते. उलगडायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक पद्धत कशाबद्दल तरी खोटं बोलते. एक रेषा वाकवते, दुसरी टोकं ताणते, तिसरी उंचीची वाट लावते. कशाबद्दल खोटं बोललेलं चालेल, एवढंच आपल्या हातात असतं. माझ्या प्रोग्रामच्या माहितीच्या पानावर हे सगळं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं आणि मला ते छपाईबद्दल आहे असं वाटलं होतं.

पहिली पद्धत डब्याच्या लेबलाची. लांबलचक पट्टी झाली, माड ताठ उभे राहिले. मी ती रविवारी आगाशीला नेऊन ओटीवर पसरली. सगळे खूश झाले, थोरला सोडून. त्याने बांधावर बोट ठेवलं. दोरी लावून घातलेला तो बांध फोटोत धनुष्यासारखा वाकला होता आणि त्याचं पोट विहिरीकडे आलं होतं.

"भावोजी, बांध माझ्या अंगावर आलाय," तो म्हणाला.

मी समजावलं, की जवळून जाणारी सरळ रेषा या पद्धतीत वाकते, जमिनीवर काही झालेलं नाही. तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." अंगण खरंच वाकडं आलं होतं. तेवढ्यात त्याच्या बायकोला आणखी काही दिसलं. मी पट्टी गोठ्यापाशी कापली होती, त्यामुळे म्हशीचं तोंड डाव्या टोकाला होतं आणि शेपूट उजव्या.

सासूबाई शेवटी बोलल्या. "छान आलाय. पन बांध वाकडा नको. घरात वाकडं लावू नये." आणि मला पानावर बसवलं. त्या दिवशी उकडहंडी होती, मातीच्या हंडीत वालपापडी, कंद आणि केळी घालून शिजवलेली. नापास झालेल्या माणसाला इतकं चांगलं जेवण मिळतं हे मला नवीन होतं.

दुसरी पद्धत सरळ रेषांची. तिच्यात सरळ ते सरळच राहतं, पण चौकटीच्या टोकाला असलेलं सगळं आडवं पसरतं. शिवाय अख्खं गोल तिच्यात मावतच नाही, म्हणून मी वाडीच्या तीन चौकटी केल्या. बांध आता रुळासारखा सरळ आला. पण थोरली वहिनी टोकाला गेल्याने म्हशीच्या बरोबरीची झाली, आणि बावखलाचा तलाव झाला.

वहिनी आत गेली आणि भांडी जोरात ठेवू लागली. धाकटा मात्र बावखलाकडे बघतच राहिला. ते बुजवूनच त्याला बिल्डिंग उभी करायची होती.

"भावोजी, एवढं पाणी बघून बिल्डर भराव घालायच्या आधीच पळून जाईल."

"हे टोकाला ताणलं गेलंय. खरं एवढं नाही."

"तुम्हाला माहीत आहे हो. फोटो बघणाऱ्याला कोण सांगणार?"

सासूबाईंनी तिन्ही चौकटी हातात घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाल्या, "मी एक फोटो सांगितला होता, जावईबापू. तुम्ही तर फोटोचीच वाटनी केली." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी केळफुलाची भाजी होती.

मग मला खुमखुमी आली. संध्याकाळी घरी आलो की मी कॉम्प्युटरपुढे. लेबलाची पट्टी घेऊन चेंडूवर चढवायची, चेंडूवरून सपाट करायची, सपाटाची पुन्हा पट्टी. एका साच्यातून दुसऱ्या साच्यात घालताना प्रत्येक वेळी फोटोची थोडी धार जायची. बांध सरळ केला की घराचं कौलारू छप्पर फुगायचं. छप्पर दाबलं की माड बाहेर झुकायचे. "वादळ झालं काय वाडीत?" सासूबाई विचारायच्या. त्यांची नजर विलक्षण होती. छपाईच्या धंद्यात इतकी वर्षं काढून मला जे दोष दिसत नसत ते त्या चष्मा न लावता सांगायच्या. माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला आणि पोटही वाढत गेलं.

शेवटी मी सगळ्या तयार पद्धती सोडल्या आणि माझी मिसळ केली. जमिनीला एक पद्धत लावली, झाडांना दुसरी, घराला तिसरी. सांधे झाडोऱ्यात लपवले. बांध सरळ, माड ताठ, बावखल बावखलाएवढं, वहिनी वहिनीएवढी, आणि हे सगळं एकाच लांब कागदावर. तो छापून आणला त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मेहुण्यांनी फोटो पाहिला आणि दोघांनीही मान हलवली. थोरला म्हणाला, "हा बरोबर." धाकटा म्हणाला, "आता खिळा मारू." सासूबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. कडेने पाहिला, मधे पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाल्या, "तुळस लहान झाली."

तुळस लहान झाली नव्हती. मी मूळ फोटोवर मोजपट्टी लावून बघितली, तुळस जिथल्या तिथे होती. तसं मी सांगितलंही. त्या म्हणाल्या, "असेल. मना लहान दिसते." जावयाशी बोलताना त्यांच्या तोंडून 'मला'च्या जागी 'मना' असा घरचा शब्द निसटला तो त्या वेळी पहिल्यांदाच. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खिळा परत डब्यात ठेवला.

आगाशीच्या नाक्यावर विरारच्या बसची वाट बघताना मी कुरकुरत होतो. बायको बराच वेळ ऐकत होती.

"तुला अजून कळलं नाही?" ती म्हणाली. "आईला फोटो नकोय."

"त्यांनीच तर सांगितला."

"हो. लागायला नको म्हणून सांगितला."

बस आली, आम्ही बसलो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी होतो. सगळं घर खालून जे बघत होतं ते मला वरून दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी बदललो. पुढच्या खेपेला मी तुळस मोठी करून नेली आणि दाराची पायरी जरा तिरकी केली. सासूबाईंनी पायरीवर बोट ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पायरीकडे पाहिलं. "ही तेवढी सरळ करा," म्हणाल्या. आम्ही दोघं याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. पण त्या दिवशी पानात एक पातोळी जास्त आली.

दोष काढणं सोपं, दोष पेरणं फार कठीण. फार मोठा दोष ठेवला तर मेहुणे म्हणणार, भावोजींना येत नाही, स्टुडिओवाल्याला द्या. फार लहान ठेवला तर आईलाही सापडणार नाही. दोष असा हवा, की दिसला की सगळ्यांना पटावा आणि काढायला महिना जावा. मी छप्पर हलक्या हाताने फुगवायचो. विहिरीचा कठडा अंड्यासारखा करायचो. आयुष्यभर जे सुधारायचा पगार घेतला ते मी आता फुकटात बिघडवत होतो, आणि इतकं मन लावून मी कचेरीतही कधी काम केलं नव्हतं. वाडीत केळी कापली जात होती, पंगत एक होती, सासूबाई वाढत होत्या. मला वाटत होतं, हे असंच कायम चालेल.

पण जुने फोटो मी परत घ्यायचो नाही. ते सासुरवाडीलाच राहायचे, आणि तिथे त्यांना पाय फुटले.

थोरल्याने सरळ बांधाचा फोटो आपल्या ट्रंकेत ठेवला. धाकट्याने वाकड्या बांधाचा, पहिला, आपल्या कपाटात ठेवला. एका रविवारी मी पोचलो तर दोघं बांधावर उभे होते, दोघांच्या हातात एकेक फोटो. ज्या बांधावर लहानपणापासून चालले, जो बापाबरोबर दोघांनी मिळून लिंपला, त्याच्यावर उभं राहून ते खाली बघत नव्हते, फोटोत बघत होते.

"हा बघ, इथे पोट आहे विहिरीकडे. मूळचं तसंच असनार. तूच मागाहून सरळ केला," धाकटा म्हणत होता.

"मी सरळ केला? मग हा काय?" थोरला आपला फोटो पुढे धरत होता.

मी मधे पडलो. दोन्ही फोटो एकाच बांधाचे आहेत, फरक फक्त उलगडण्याचा आहे, बांध पायाखाली आहे, दोरी लावा. दोघांनी ऐकून घेतलं. मग थोरला म्हणाला, "भावोजी, तुमचा यातला कुठला खरा, तेवढं सांगा." मी म्हणालो, दोन्ही थोडे थोडे खोटे आहेत. हे उत्तर शास्त्राला धरून होतं, आणि त्याच्याइतकं निरुपयोगी उत्तर मी जन्मात दिलेलं नाही.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. थोरला आधी जेवायचा, धाकटा त्याचं पान उचलल्यावर यायचा. चूल एकच होती, पण तिच्यापुढे पंगती दोन झाल्या. सासूबाई दोनदा वाढत आणि स्वतः कुठल्याच पंगतीला बसत नसत. उभ्या उभ्या दोन घास खात. ते बघून मला माझ्या कलेचं काही कौतुक राहिलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मागच्या दारात बोलावलं.

"बस झालं, जावईबापू. आता लावून टाका. चांगला करा. तुळस हाय तेवढीच ठेवा."

मी बरं म्हणालो.

"एक सांगा. हा गोल कापावा लागतो म्हनालात ना? कुठेतरी कापल्याबिगर सरळ होत नाय?"

"हो. एका जागी कापावाच लागतो. गोठ्यापाशी कापला तर थोरल्यांची म्हैस तुटते, बावखलापाशी कापला तर धाकट्यांचं पाणी तुटतं. म्हणून तर मी..."

"मग इथं कापा," त्या म्हणाल्या. "मागच्या दारात."

"इथे तुम्ही उभ्या आहात, आई."

"ठाऊक हाय. इथं कापलं तर कोनाचं काय जात नाय."

हिशेब अगदी बरोबर होता. तिथे कापल्यावर बांध बरोबर मधे आला, गोठा आणि केळी आपल्या जागी अखंड, बावखल आपल्या जागी अखंड. डाव्या टोकाला अर्धं दार, अर्धं लुगडं आणि चष्म्याची एक काच. उजव्या टोकाला उरलेलं. मी या एका फोटोवर जितका थांबलो तितका कुठल्याच फोटोवर थांबलो नाही. त्यांना जरा बाजूला सरकवता आलं असतं. शेजारच्या फोटोतून रिकामं दार आणून लावता आलं असतं. मला ते येत होतं. पण ज्यांनी जागा दाखवली त्यांना तिथून हलवायचा मला धीर झाला नाही.

मुलांनी फोटो पाहिला. दोघांनी आधी आपापला भाग पाहिला, मग बांध पाहिला आणि मान डोलावली. टोकाकडे कुणी पाहिलं नाही. फोटोत टोकाला काय असतं ते आपण सहसा बघत नाही. वाटणी झाली, शांतपणे झाली, आणि दोघं त्या दिवशी एकमेकांशी बोललेही. सासूबाईंचं असं ठरलं, की महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे.

राहिला फोटो. सासऱ्यांच्या तसबिरीशेजारची भिंत आता थोरल्याची होती. तिथे फोटो लावायचा तर धाकट्याचं मन मोडणार, धाकट्याकडे लावायचा तर थोरल्याचं. माझ्या इतक्या उलगडण्यांचं फळ असं, की फोटो लागलाच नाही. सासूबाईंनी त्याची गुंडाळी केली आणि आपल्या कपड्यांच्या पिशवीत ठेवली. महिना संपला की पिशवीबरोबर गुंडाळीही इकडून तिकडे जायची.

काही वर्षांनी बावखलाच्या जागी बिल्डिंग उभी राहिली. त्यात धाकट्याचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. एकदा आम्ही तिथे गेलो तेव्हा सासूबाईंचा तिथला महिना चालू होता. आतल्या खोलीत त्या फरशीवर बसल्या होत्या. फोटो त्यांनी आडव्या कडेवर उभा केला होता. इतकी वर्षं गुंडाळून राहिल्याने कागदाने तोच आकार धरला होता. तो आपोआप गोल वळून रिंगण करून उभा होता, चित्र आतल्या बाजूला, आणि त्याची दोन्ही टोकं एकमेकांना येऊन चिकटली होती. त्या वरून आत वाकून बघत होत्या.

मी शेजारी बसलो आणि वाकून पाहिलं. म्हैस होती, केळी होती, बांध होता, बावखल होतं. मागच्या दारात त्या उभ्या होत्या, अख्ख्या. फोटो गोल ठेवला आणि मधून पाहिला तर कशातच खोट राहत नाही, हेही त्या माहितीच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हणालो, "आई, दोन्ही टोकांवर जड काही ठेवून देतो. दोन दिवसांत सपाट होईल."

मी पाटावरच्या वाट्या उचलल्या. त्यांनी माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "सपाट केला की मी तुटते."